जिल्ह्याहून थोरला हट्ट

हिंगोली जिल्हा जन्मला 1 मे 1999 रोजी. त्याआधी तो परभणीत होता. हिंगोलीतल्या एका गृहस्थांनी व्हिडिओ गेमसाठी पहिल्यांदा जमिनीवर लोळण घेतली ती 1995 च्या दिवाळीच्या सुट्टीत. म्हणजे हट्ट जिल्ह्यापेक्षा साडेतीन वर्षांनी थोरला. धाकट्याचं रीतसर बारसं झालं, त्याला जिल्हाधिकारी मिळाले, पाच तालुके मिळाले, गाड्यांना स्वतःचा नंबर मिळाला. थोरल्याकडे मात्र 2023 पर्यंत कोणी वळून पाहिलं नाही.

हे गृहस्थ कोण, याचा शोध घेऊ नये. तीन-चार घरांतल्या खुणा जोडून एक माणूस उभा केला आहे. तो आपणच आहोत असं ज्याला वाटेल त्याने खुशाल वाटून घ्यावं; हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, कुठेही अडचण येणार नाही.

1995 साली पाचवीत असलेल्या या मुलाने दुकानाच्या काचेमागे पाहिलं ते एक काळं खोकं होतं. नाव टर्मिनेटर. आत जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉमची नक्कल, बाहेरून सेगाच्या मेगा ड्राइव्हची नक्कल आणि नाव हॉलिवूडच्या सिनेमाचं. एका खोक्यात तीन घरचा ऐवज, आणि तरी दुकानदार पावती द्यायला तयार! खरा फॅमिकॉम जपानमध्ये विक्रीला आला होता 15 जुलै 1983 रोजी. त्याचं अमेरिकेतलं रूप निन्टेन्डोने बंद केलं 1995 मध्ये. तिकडे ज्या वर्षी दुकानं आवरली, त्या वर्षी इकडे ते नवीन माल म्हणून काचेत लागलं. मराठवाड्याला यात विशेष काही वाटलं नाही.

खोक्याबरोबर पिवळी कॅसेट येई. तिच्यावर छापलेलं असे, ‘9999999 इन 1’. उघडून पाहिलं की मारिओ, कॉन्ट्रा, रणगाडे, सर्कस, बदकं असे मोजके खेळ; बाकी तेच खेळ पुन्हा पुन्हा, नाव बदलून. सरकारी योजनांच्या पुस्तिका ज्यांनी चाळल्या आहेत त्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल.

कॅसेट लागली नाही की बाहेर काढायची, फुंकर मारायची, सदऱ्याला पुसायची आणि परत खोचायची. पुढे निन्टेन्डोनेच स्पष्ट सांगितलं, की फुंकर मारू नका, श्वासातल्या ओलाव्याने आतल्या पिना खराब होतात. कॅसेट लागायची ती काढून परत घातल्यामुळे. पण तोवर एका पिढीचा प्राणायाम होऊन गेला होता.

गृहस्थांच्या घरी अर्थात फुंकायलाही काही नव्हतं. ते खोकं होतं शेजारच्या गल्लीत, एका मित्राकडे, आणि तो मित्र त्या सुट्टीपुरता तालुक्याचा तहसीलदार होता. कोणाला आत घ्यायचं, कोणाला ओट्यावरूनच परत पाठवायचं, ते तो ठरवी. आत गेलेल्याला मिळे दुसरा रिमोट. आता यातली गोम अशी, की मूळ फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटला ‘स्टार्ट’चं बटणच नव्हतं, आणि नक्कल करणाऱ्यांनी ही कंजुषीसुद्धा इमानाने उतरवली. खेळ कधी सुरू करायचा आणि कधी थांबवायचा हे पहिल्या रिमोटवाल्याच्या हातात. दुसऱ्याने फक्त उड्या मारायच्या. गृहस्थ म्हणतात, पुढे शिक्षणसंस्थेत नोकरीला लागल्यावर काहीच अनोळखी वाटलं नाही.

घरी मागणी मांडली तेव्हा वडील म्हणाले, “कामून? टीव्ही खराब होतो त्यानं.” व्हिडिओ गेम जोडला की पिक्चर ट्यूब जाते, हे त्या काळातल्या प्रत्येक बापाला ठाऊक होतं, आणि कोणाची गेलेली कोणी पाहिली नव्हती. दुसरं वाक्य होतं, “दहावी होऊ दे, मग बघू.” दहावी झाली. मग बारावी होऊ दे. मग डी.एड. होऊ दे. मग नोकरी, मग लग्न, मग बहिणीचं लग्न, मग घराचा स्लॅब. कॉन्ट्रामध्ये आठ लेव्हल होत्या. इथे शेवटची कोणती हे वडिलांनाही माहीत नसावं.

दरम्यान जग पुढे गेलं. सोनीचा प्लेस्टेशन 2 मार्च 2000 मध्ये आला आणि जगभर पंधरा कोटींहून अधिक खपला. सप्टेंबर 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स 360 भारतात आणला आणि जाहिरातीला अक्षयकुमार आणि युवराजसिंग उभे केले. 2007 च्या उन्हाळ्यात प्लेस्टेशन 3 आला, किंमत 39,990 रुपये. त्या वेळी प्राथमिक शिक्षणसेवकाचं मानधन होतं महिना तीन हजार. हिशेब सरळ आहे: सुमारे तेरा महिने काही न खाता-पिता प्लेस्टेशन. गृहस्थ तर विनाअनुदानित शाळेत होते. त्यांचं न खाणं-पिणं चालूच होतं, फक्त मानधन नव्हतं.

तेरा महिने हा आकडा या भागाला तसा सोयीचा. देश 15 ऑगस्ट 1947 रोजी स्वतंत्र झाला. निजामाच्या राज्यातला मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 रोजी, म्हणजे तेरा महिने दोन दिवसांनी. स्वातंत्र्यच जिथे उशिराच्या गाडीने आलं, तिथे खेळण्याची काय कथा! आणि योगायोग असा, की ‘ग्रँड थेफ्ट ऑटो 5’ हा जगाला वेड लावणारा गेम 2013 साली बाजारात आला तोही 17 सप्टेंबरलाच. त्या सकाळी जगभरची पोरं चोरलेल्या गाड्या पळवत होती आणि गृहस्थ शाळेच्या पटांगणात मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंड्याची गाठ सुटत का नाही ते बघत होते.

त्यानंतरची सात-आठ वर्षं त्यांनी दुसऱ्याला खेळताना बघण्यात काढली. मोबाइलवर यूट्यूब लावायचं आणि कुठल्याशा परक्या पोराने लढाई कशी जिंकली ते जेवताना पाहायचं. यालाही दुसरा रिमोटच म्हणायचं. फरक इतकाच, की आता उड्यासुद्धा मारायच्या नव्हत्या.

मधल्या काळात पुण्याने एक पराक्रम केला. नोडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या मंडळींनी ‘राजी’ नावाचा गेम तयार केला. भारतीय पुराणकथा, राक्षसांशी लढणारी मुलगी, देखणी चित्रं. ऑगस्ट 2020 मध्ये तो सगळ्यात आधी आला निन्टेन्डो स्विच या यंत्रावर. हे यंत्र भारतात कंपनीने अधिकृतपणे विकायलाच आणलं नव्हतं. पुण्यात शिजलेली भाजी पुणेकरांना आधी चाखायची तर ताट परदेशातून मागवायचं. पुढे तो इतर यंत्रांवर आला, पण पहिला घास गेला तो गेलाच.

आता मुख्य प्रवेश. प्लेस्टेशन 5 अमेरिकेत आणि जपानमध्ये 12 नोव्हेंबर 2020 रोजी आला. भारतात 2 फेब्रुवारी 2021. आगाऊ नोंदणी 12 जानेवारीला, बरोबर दुपारी बाराला. किंमत 49,990, डिस्क न लागणाऱ्याची जाहीर किंमत 39,990. करोनाने कारखाने अडखळलेले, चिपांचा दुष्काळ, त्यामुळे माल थोडा आणि गिऱ्हाईक फार. संकेतस्थळांवरचा साठा काही मिनिटांत संपला.

गृहस्थ त्या दुपारी तासिका दुसऱ्याच्या गळ्यात घालून स्टाफरूममध्ये मोबाइल घेऊन बसले होते. बारा वाजता पान उघडलं. पानाने विचारलं, पिनकोड? त्यांनी घातला 431513. पान थोडा वेळ विचारात पडलं. मग म्हणालं, या ठिकाणी ही वस्तू पोहोचवता येत नाही. त्यांना परभणीत राहणाऱ्या मेव्हण्याचा पिनकोड आठवेपर्यंत साठा संपला होता.

कॉन्ट्रामध्ये एक सोय होती. वर-वर, खाली-खाली, डावी-उजवी, डावी-उजवी, बी, ए असं दाबलं की तीनाच्या जागी तीस जीव मिळत. ही युक्ती कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांची. ‘ग्रेडियस’ नावाचा गेम तपासताना तो त्यांना स्वतःलाच पुरा करता येईना, म्हणून त्यांनी ही पळवाट काढून ठेवली होती. आगाऊ नोंदणीतही अशी पळवाट होती. ती दलालांना सापडली. संगणकाकडून शेकडो नोंदण्या करवायच्या आणि तोच डबा दुसऱ्या दिवशी चढ्या भावाने विकायचा, हा उद्योग जगभर चालला. तीस जीव त्यांनी घेतले, बाकीच्यांना पिनकोड उरला.

बरं, साठा असता तरी पैसे कुठे होते? जानेवारीत हळद अजून जमिनीत असते. जूनमध्ये लावलेली हळद नऊ महिन्यांनी निघते, मग उकडायची, वाळवायची, पॉलिश करायची, तेव्हा कुठे मार्केट यार्डात पोत्यावर हात ठेवून लिलाव ऐकायचा. क्विंटलला दहा हजार भाव धरला तर एक प्लेस्टेशन म्हणजे पाच क्विंटल हळद. जपानी कंपनीने तारीख ठरवताना वसमतचा हंगाम विचारात घेतला नाही, एवढंच म्हणता येईल.

त्यात सरकारचा वाटा निराळा. 2017 साली जीएसटी आला तेव्हा पत्ते, बुद्धिबळ आणि कॅरम यांना 12 टक्के लावले आणि व्हिडिओ गेमच्या यंत्राला 28; म्हणजे पानमसाला आणि आलिशान मोटारींच्या पंगतीत बसवलं. 2019 पासून ते 18 वर आलं, तरी 49,990 मध्ये सुमारे 7,600 रुपये कराचे होते, म्हणजे हळदीचा पाऊण क्विंटल. पिंपळाखाली तीन पत्ती खेळणाऱ्या मंडळींना 12 टक्क्यांत मोकळं सोडून मारिओला आधी 28, मग 18 टक्के! पत्ते हे कुटुंब एकत्र आणतात, असं कोणा अधिकाऱ्याच्या पाहण्यात आलं असावं.

2022 च्या नोव्हेंबरात किंमत वाढून 54,990 झाली. गृहस्थांनी तो विषय मनातून काढून टाकला. आणि 2023 च्या पावसाळ्यात हळदीचा भाव अचानक उसळला. घरात, वडिलांच्या हट्टापायी, मागच्या हंगामाची काही पोती विकायची राहिली होती. पोती गेली, पैसा आला, आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा ‘होऊ दे, मग बघू’ म्हणायला कोणाला काही सुचलं नाही.

तरी घरात सांगताना कारण लागतं. ‘मुलांच्या शिक्षणासाठी’ हे कारण जुनं आणि खात्रीचं. नव्वदीच्या दशकात याच टर्मिनेटरच्या भावंडांना कीबोर्ड चिकटवून ‘कॉम्प्युटर’ म्हणून विकलं जात होतं आणि घरोघरी पालक ते शिक्षण म्हणून घेत होते. या वेळी पत्नीने फक्त एकदा पाहिलं. ती म्हणाली, “मुलांच्या हो? मग खोकं तुम्ही का उराशी धरलंय?”

खोकं होतंही उराशी धरण्याजोगं. आतलं यंत्र साडेचार किलोचं, एकोणचाळीस सेंटिमीटर उंच. टीव्हीखालच्या शोकेसमध्ये ते उभं मावेना. आडवं ठेवलं तर गणपतीची मूर्ती आणि आदर्श शिक्षक पुरस्काराचं स्मृतिचिन्ह यांपैकी एकाला हलणं भाग होतं. स्मृतिचिन्ह हललं. यंत्राला हळदकुंकू लागलं, हळद अर्थात घरची. नारळ फुटला. आईने त्याच्यावर विणलेला रुमाल टाकला, तो काढायला गृहस्थांना वीस मिनिटं आणि ‘हवा लागते त्याला’ हे वाक्य सात वेळा लागलं.

आणि मग ज्याची अठ्ठावीस वर्षं वाट पाहिली ते यंत्र सुरू झालं, आणि त्याने पडद्यावर लिहिलं, की अपडेट उतरत आहे, थांबा.

हे आजच्या खेळांचं असं आहे. पूर्वी कॅसेट खोचली, फुंकर मारली की मारिओ धावू लागे. आता डिस्क घातली तरी ती पुष्कळदा फक्त किल्ली असते. अर्धा संसार इंटरनेटवरून उतरवावा लागतो. मोठा गेम सहज शंभर जीबीचा. घरात होतं मोबाइलचं इंटरनेट, रोज दीड जीबी. सगळ्यांनी व्हॉट्सअॅप सोडलं तरी एका गेमला सदुसष्ट दिवस. सदुसष्ट दिवसांत मूग निघतात. यंत्राची साठवण 825 जीबी अशी जाहिरातीत, प्रत्यक्षात वापरायला 667. म्हणजे मापात मारण्याची पद्धत फक्त आडतीतच असते असं नाही.

शेवटी फायबर घेतलं. तरी पट्टी सरकायची ती आपल्या गतीने. पडद्यावर वीस टक्के दिसले तेव्हा घरात सगळे वैतागले. गृहस्थ शांत होते. त्यांच्या शाळेला अनुदान असंच आलं होतं. आधी वीस टक्के, काही वर्षांनी चाळीस, मग साठ. ज्याचा पगारच टप्प्याटप्प्याने डाउनलोड झाला आहे, त्याला अशी पट्टी काय घाबरवणार?

एकतिसाव्या टक्क्याला वडील, म्हणजे आता नातवंडांचे आबा, खुर्ची ओढून बसले. थोडा वेळ पट्टीकडे बघून म्हणाले, “हे आधी व्हतंय का ते दुधाळ्याचं?”

प्रश्न रास्त होता. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी ऐकणारी वेधशाळा व्हायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात, आत लेझर, आणि एका प्रोटॉनच्याही हजारो पट बारीक हालचाल टिपण्याची ताकद. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी 14 सप्टेंबर 2015 रोजी एक अब्ज तीस कोटी प्रकाशवर्षं दूर झालेली दोन कृष्णविवरांची टक्कर ऐकली. फेब्रुवारी 2016 मध्ये केंद्र सरकारने आपल्या वेधशाळेला तत्त्वतः मान्यता दिली. त्यानंतरची मान्यता, 2,600 कोटी रुपयांची, आली एप्रिल 2023 मध्ये. 11 मे 2023 रोजी पायाभरणी झाली आणि पूर्ण व्हायचं वर्ष सांगितलं गेलं 2030. ‘तत्त्वतः’ आणि ‘प्रत्यक्ष’ यांच्यामध्ये सात वर्षं. टक्कर झाल्यापासून लाट एक अब्ज तीस कोटी वर्षं चालत आली, तिला सात वर्षांचं काय! तरी जिल्ह्यात सगळ्यात भारी यंत्राची सगळ्यात लांब वाट कोण बघतंय, याचा निकाल आबांनी तिथेच लावला. पोराचं यंत्र आधी सुरू होणार.

ते झालं. पण गेम उतरेपर्यंत यंत्राबरोबर फुकट मिळालेला ‘अॅस्ट्रोज प्लेरूम’ तेवढा खेळता आला. छोटासा पांढरा रोबो उड्या मारत फिरतो, लहान मुलांना फार आवडतो. गृहस्थांनी तो दोन रात्रींत संपवला. मुलांनी बघितला आणि मोबाइल उचलला. त्यांना रुची होती ती मोबाइलवरच्या, फुकटच्या, शंभर जणांनी एकमेकांना मारायच्या खेळात. चाळिशीच्या माणसाच्या हातात खेळणं आणि पलंगावर दहा वर्षांच्या मुलांची तुच्छता, असा तो प्रसंग.

रात्री आठ ते दहा टीव्ही मिळत नाही, हेही लवकरच कळलं. औंढ्याची कथा सगळ्यांना माहीत आहे: नामदेवांना देवळासमोरून हटवलं, ते मागे जाऊन कीर्तनाला बसले, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. नरसी नामदेव या जिल्ह्यातलंच गाव. पण गृहस्थांसाठी टीव्ही काही फिरला नाही. आठ ते दहा त्याचं तोंड आईच्या मालिकेकडे होतं. ते मागच्या खोलीत जाऊन बसले. भिंत तशीच राहिली.

एवढं सोसून शंभर टक्के झालं. गेम होता तोच, 17 सप्टेंबरचा, दहा वर्षांनी. आता मुलगा जवळ आला. त्याला गाडी पळवायची होती. रिमोट एकच; दुसऱ्याची किंमत तेव्हा 5,990. बापाने दिला. मुलाने गाडी घेतली, खांबाला ठोकली, पोलिसांकडून मार खाल्ला आणि म्हणाला, “पप्पा, अजून एकदा.” गृहस्थ शेजारी मांडी घालून पाळीची वाट बघत बसले. तेवढ्यात लाइट गेली.

या गेमचा सहावा भाग येणार आहे. आधी म्हणाले 2025. मग म्हणाले 26 मे 2026. मग 19 नोव्हेंबर 2026. गृहस्थांना या तारखांबद्दल राग नाही. लायगोवाल्यांशी बोलून घ्या, एवढंच ते म्हणतात.

मात्र परवा त्यांनी जुन्या बाजारातून एक टर्मिनेटर मिळवला. काळा, धुळकट, पिवळ्या कॅसेटसकट, बदकं मारायच्या बंदुकीसह. पहिला रिमोट त्यांनी स्वतःकडे ठेवला, ‘स्टार्ट’ बटणवाला. मारिओ लागला, कॉन्ट्रा लागला. बंदूक मात्र चालेना. कारण साधं आहे. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो टिपतो. ही वेळ जुळते ती फक्त जुन्या, ट्यूबच्या, मागे कुबड असलेल्या टीव्हीवर. त्यांच्या घरचा तसला टीव्ही भंगारवाल्याने कधीच नेला, ट्यूब शाबूत असताना.

तरी जिल्ह्यात कोणाच्या माळ्यावर चालू स्थितीतला ट्यूबचा टीव्ही असेल, तर विकू नये, कळवावं. गृहस्थ येऊन घेऊन जातील. किंमत हळदीत दिली तर चालेल का, तेही सांगावं.